माझ्या पोटातला इंद्रायणीचा कोंडा

सकाळी साडेदहा वाजता माझ्या पडद्यावर एक हिरवा पट्टा उमटला. त्याच्या शेजारी दुसरा उमटला, मग तिसरा, आणि मग सगळा पडदा गोठला. माझ्या हुकमावर लाकूड कोरणारं मशीन जागच्या जागी अडलं. त्याची मोटर मात्र फिरत राहिली. सागवानी फळीवर वाघाचा कान कोरणारं टोकदार पातं, म्हणजे बिट, एकाच ठिकाणी घासू लागलं, लाकूड करपलं, धूर निघाला. सोमनाथ मिस्त्री धावत आले आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

"गेला हा," माझ्याकडे बघून ते म्हणाले.

मित्रांनो, मी गेलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे प्रत्येकाने आपापल्या परीने मला मेलेला ठरवलं आणि दर वेळी ती बातमी खोटी निघाली.

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे रांगेने जन्मत होते, त्यामुळे बारसं कुणी केलं नाही. पुण्यातल्या एका दुकानात काचेमागे बसलो, तेव्हा माझ्या झाकणावर एक चकचकीत चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं की याला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आहे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे माझ्या पोटातला चित्रकार. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका तो रंगवतो. शेजारच्या लॅपटॉपांकडे असा वेगळा चित्रकार नव्हता. मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवत नसे.

पहिला मालक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. त्याने माझ्यावर अभ्यास कमी केला आणि गाड्या जास्त पळवल्या. शिक्षण संपल्यावर त्याने मला हायवेवरच्या एका फर्निचरच्या कारखान्याला विकलं. तिथे माझी गाठ त्या मशीनशी पडली. पलंगाएवढी लोखंडी चौकट, वर सरकणारी मोटर, मोटरीच्या टोकाला बिट. मी आकडे सांगायचे आणि त्याने लाकडात फूल कोरायचं. माझ्या मागच्या बाजूला एक रुंद खोबण आहे, पूर्वी तिथे प्रिंटर जोडत. मशीनची वायर त्याच खोबणीत बसते. हल्लीच्या लॅपटॉपांना ती खोबण नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कारखाना बंद पडला तेव्हा सोमनाथ मिस्त्रींनी आम्हा दोघांना टेम्पोत घातलं आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या पाखरवाडीत आणलं. पाखरवाडीत सुताराचं एकच घर. मिस्त्री, त्यांची बायको सुलक्षणा आणि आई ठकुबाई. मिस्त्रींचा हात सांधे जोडण्यात बसलेला, पण माझ्यापुढे बसले की ते एका बोटाने कळ दाबत आणि लगेच हात मागे घेत, जसा काही मी तवा आहे. सुलक्षणाला ती भीती नव्हती. ती बारावी झालेली, चित्रकलेची आवड. तिने पहिल्या पावसाळ्याआधीच मला शिकून घेतलं.

तिची कामाची रीत मी दुसरीकडे पाहिली नाही. जुन्या दारावर, देवळाच्या खांबावर ती पातळ कागद धरायची आणि त्यावरून चुलीतला कोळसा फिरवायची. खालची नक्षी कागदावर उतरायची. त्या ठशाचा फोटो माझ्यात यायचा आणि माझ्यावर ती रेघ न् रेघ पुन्हा काढायची. माझा चित्रकार तिला तयार होणारी फळी सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवायचा. पहिलं देवघर झालं तेव्हा वाडीतली माणसं ते बघायला आली आणि मलाही बघून गेली. सारोळ्याहून दारांच्या गणेशपट्टीचं काम आलं, भोरहून देवघरांचं. खंडेनवमीला करवत, रंधा आणि पटाशीच्या रांगेत मला मांडलं जाई. ठकुबाई माझ्या झाकणावर कुंकवाचं बोट ओढत आणि वर झेंडूचं फूल ठेवत. हत्यारांच्या रांगेत जागा मिळणं ही मला मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी. चकचकीत चिठ्ठी त्यापुढे काहीच नाही.

पण पावसाळा आला की मला विसरत. वेल्ह्यातला पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. भिंतींना ओल येते, काडेपेटी पेटत नाही, पापड चामड्यासारखे होतात. भातलावणीला सगळं घर खाचरात उतरतं आणि सुताराचा मांडव, म्हणजे कामाची शेड, बंद होतो. ते दिवस मी कुठे काढत असे, हे घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. तेही पुढे येईल.

आता त्या करपलेल्या कानाकडे.

ती फळी वाघजाईच्या पालखीची होती. वाघजाई ही वाडीची देवी. तिची पालखी घडवण्याचा मान सुताराच्या घराचा, जसा ढोलाचा मान एका घराचा आणि पहिल्या नारळाचा दुसऱ्या घराचा. गेल्या यात्रेत ओढा ओलांडताना जुन्या पालखीची दांडी मोडली. खांदा द्यायला पुढे गेनबा होते, यात्रा कमिटीचे प्रमुख. देवी त्यांनी छातीशी धरून वाचवली, पण त्यांचा खांदा निखळला तो अजून पुरता वर जात नाही. त्यामुळे नव्या पालखीची घाई सर्वांत जास्त त्यांनाच होती. पुण्यात तयार पालख्या मिळतात, फायबरच्या, सोनेरी रंगाच्या, आत दिवे असलेल्या, हे त्यांनी कुठे तरी पाहून ठेवलं होतं.

"पाडव्याला चारी फळ्या कोरून दाखवा," त्यांनी सांगितलं होतं. "न्हाईतर म्या पुण्याची पालखी आणतो. आन एकदा आणली की मान संपला. मग पुन्हा सुताराच्या दारात यायचं न्हाई कुणी."

चारपैकी एकही फळी पुरी झालेली नव्हती. पहिलीच, वाघाची, मशीनवर होती.

मिस्त्रींचा पहिला विचार नवा लॅपटॉप आणण्याचा होता. वाडीतल्या स्नेहलकडे कॉलेजसाठी घेतलेला नवा होता. पातळ, चंदेरी, हलका. तो आणला. त्याला रुंद खोबण नव्हती. मध्ये जोडायची एक छोटी वायर मिळते, ती नसरापूरहून आणली. मशीन थरथरलं, एक झटका देऊन उजवीकडे गेलं आणि गप्प बसलं. पुन्हा जोडलं. पुन्हा तोच झटका. मी बाजूच्या स्टुलावर झाकण मिटून पडलो होतो. मला आनंद झाला, तो मी लपवत नाही. त्या मशीनशी मी वर्षानुवर्षं बोललो आहे. पातळ अंगाच्या पाहुण्याला ते एका दिवसात साधणार नव्हतं.

"म्हणजे ह्यालाच उठवावं लागणार," सुलक्षणा म्हणाली.

"मेलेलं उठवतीस व्हय?" मिस्त्री म्हणाले.

"मेलाय का आजारी आहे, ते आधी बघते."

तिने मला घरात नेलं आणि टीव्हीच्या वायरीने टीव्हीला जोडलं. ठकुबाई मालिका बघत होत्या. मालिकेतल्या सासूच्या जागी माझे हिरवे पट्टे आले.

"अगं सुले, त्या बाईला आत्ताच खरं कळणार व्हतं," ठकुबाई म्हणाल्या.

"आत्या, उद्या पुन्हा लागतं ते. हे बघा, टीव्हीवरपण पट्टे आले."

"मग?"

"मग ह्याचा पडदा चांगला आहे. पडदा खराब असता, तर टीव्हीवर चित्र नीट दिसलं असतं. दुखणं पोटात आहे."

मित्रांनो, आजाऱ्याला असंच तपासायचं असतं. दुखणं कुठे नाही, हे आधी शोधायचं. तिने मला रात्रभर बंद ठेवलं आणि सकाळी थंड असताना सुरू केलं. पट्टे नव्हते. नुसतं चालू ठेवलं, तरी बराच वेळ पट्टे नव्हते. वाघाची फळी उघडून पडद्यावर गोल फिरवली, माझा पंखा घरघरू लागला, आणि थोड्याच वेळात पहिला पट्टा आला. तिने माझ्या पोटाखाली हात घातला आणि चटकन बाहेर काढला.

"तापलाय," ती म्हणाली. "भाकरी भाजेल ह्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने कापूरहोळला गेलो. मी तिच्या मांडीवर, टॉवेलात. चौकात, जिथे भोरचा रस्ता हायवे सोडतो, तिथे एका गॅरेजला लागून अल्ताफचं दुकान आहे. मोबाईल, चार्जर, लॅपटॉप, झालंच तर मिक्सरसुद्धा. अल्ताफ मिस्त्रींचा जुना ओळखीचा. त्याच्या दुकानाचं काऊंटर सुलक्षणानेच कोरलेलं, म्हणजे मीच कोरलेलं. त्याने मला सुरू केलं, पट्टे पाहिले आणि झाकण मिटलं.

"वहिनी, ग्राफिक्स गेलं. ह्या वयात ह्येच जातं. ठेवून द्या आठवण म्हणून."

"गेलं म्हणजे काय, अल्ताफभाऊ?"

"गेलं म्हणजे गेलं."

"थंड असताना पट्टे नसतात. तापला की येतात. जे गेलं, ते सकाळी परत कसं येतं?"

अल्ताफने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बराबर हाय," तो म्हणाला. "मग उघडून बघू. वहिनी, तुमच्या मांडवात लाकडाचा भुसा उडतो. तोच बसला असणार पंख्यात."

"भुसा बसू नये म्हणून मी रोज फडकं टाकते."

"फडक्यानं काय थांबतंय."

त्याने माझ्या पाठीचे स्क्रू काढले. इतक्या वर्षांत माझी पाठ कुणी उघडली नव्हती. माझा चित्रकार तापला की त्याची उष्णता एक तांब्याची नळी पंख्यापर्यंत नेते. तिथे बारीक जाळी असते आणि पंखा तिच्यातून गरम हवा बाहेर फेकतो. अल्ताफने पंखा उचलला. जाळी दिसतच नव्हती. तिच्या जागी एक पिवळट, दाबून बसलेली वडी होती. त्याने ती चिमट्याने अख्खी बाहेर काढली आणि कागदावर ठेवली.

"घ्या तुमचा भुसा," तो म्हणाला.

सुलक्षणाने त्यातला तुकडा तळहातावर घेतला, बोटाने चुरला आणि नाकाशी नेला. मग तिने पुन्हा वास घेतला. सागाचा वास तिला झोपेतही कळतो.

"हा भुसा नाही," ती म्हणाली. "हा कोंडा आहे."

"कसला कोंडा?"

"तांदळाचा. इंद्रायणीचा."

अल्ताफ हसला. "वहिनी, लॅपटॉपात तांदूळ कुठनं येईल?"

मग चिमट्याच्या टोकाला वडीतून आणखी एक गोष्ट आली. तो तांदळातला एक वाळलेला सोंडकिडा होता. अल्ताफचं हसणं थांबलं. गॅरेजमधला माणूसही बघायला आला.

संध्याकाळी घरी सुलक्षणाने कागदाची पुडी ठकुबाईंपुढे उघडली. ठकुबाईंनी कोंडा पाहिला, किडा पाहिला आणि पदर सारखा केला.

"म्या ठेवला तांदळात," त्या म्हणाल्या. "मग?"

"कधी?"

"दर पावसाळ्यात. तुमी समदी खाचरात. ह्यो हितं वलीत पडलेला. खालच्या आळीतल्या कुंडलिकाचा मोबाईल वढ्यात पडला व्हता, तांदळात ठिवला आन बोलाया लागला. म्हणलं, ह्याला बी ठिवावा. तांदळात आंबं पिकत्यात, अंडी टिकत्यात. ह्यो तेवढा कसा बिघडंल?"

"आई, निदान फडक्यात तरी गुंडाळायचा," मिस्त्री म्हणाले.

"फडक्यात गुंडाळला तर त्याला तांदूळ लागनार कसा?"

सुलक्षणा आधी गंभीर राहिली, मग तिला हसू आवरेना. मला राग यायला हवा होता. दर पावसाळ्यात त्या पत्र्याच्या पिंपात, गळ्यापर्यंत तांदळात, मी अंधारात बसून राहिलो. कोंड्याचा धुरळा माझ्या श्वासात गेला, थरावर थर बसला, आणि माझा चित्रकार वर्षानुवर्षं कोंडलेल्या उष्णतेत काम करत राहिला. पण खरं सांगायचं, तर त्या पावसाळ्यांत त्या घरात माझी आठवण फक्त त्या म्हातारीला होती. ओलीने मी कुजलो नाही, हेही तिचंच. तिने मला मारायला घेतलं नव्हतं. तिने मला धान्याइतकं मोलाचं मानलं होतं. धान्य मात्र श्वास घेत नाही आणि मी घेतो. एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अल्ताफने जाळी साफ केली होती. चित्रकाराच्या डोक्यावर उष्णता ओढून घेणारी राखाडी पेस्ट असते. ती वाळून खपली झाली होती, तीही त्याने नवी लावली. मी मांडवात परतलो, पंखा मोकळा फिरला, पोट थंड राहिलं. मिस्त्रींनी वाघाचा करपलेला कान चौकोनी कापून काढला आणि त्याच झाडाच्या सागाचा तुकडा असा बसवला की सांधा बोटाला लागत नव्हता. सुलक्षणाने वाघ उघडला, फिरवला. पट्टा नाही. मशीन सुरू झालं. कान पुरा झाला.

मग पट्टे परत आले. या वेळी पोट थंड होतं, तरीही.

याच वेळेला गेनबा मांडवाच्या दारात उभे राहावेत, याला मी योगायोग म्हणत नाही. ते रोजच चक्कर मारत होते. दुखरा हात दुसऱ्या हाताने धरून त्यांनी पडदा पाहिला.

"ह्ये काय, लुगड्याचं काठ हायत का?"

"बिघाड आहे, आबा. बघतेय," सुलक्षणा म्हणाली.

"सूनबाई, तुझ्या हाताला म्या नावं ठिवत न्हाई. पर देवीचं काम असल्या डबड्यावर सोडायचं? माझा खांदा गेला तवा दांडी बी जुनीच व्हती. समदी म्हणायची, चालतीय की."

त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

ठकुबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "भावजी, तुमचा खांदा बी जुनाच हाय की. तो काढून फायबरचा बसवला का?"

गेनबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "वैनी, तुमच्या तोंडाला लागंल त्यो गेला," ते म्हणाले. "पाडव्याला येतो. चारी फळ्या." आणि ते वळले.

अल्ताफ दुसऱ्या दिवशी स्वतः पाखरवाडीत आला. माझ्यावर बराच वेळ वाकून त्याने काय ते सांगितलं. माझा चित्रकार ज्या पाटीवर बसला आहे, तिथे शिशाचे बारीक थेंब त्याला धरून ठेवतात. इतकी वर्षं तापून आणि निवून त्यातल्या काही थेंबांना तडे गेले आहेत. ते सुधारायचे तर त्यावर हॉट एअर मारायची, म्हणजे गरम हवेचा झोत. थेंब वितळतात आणि पुन्हा धरतात.

"मग मारा की," मिस्त्री म्हणाले.

"मारतो. पर सांगून मारतो. धरलं तर वरीसभर चालंल, न्हाईतर आठ दिवसांत सुटंल. आन मारतानाच गेलं, तर मग ह्यो डोळं उघडणार न्हाई. मी हमी देत न्हाई, दादा."

पाडवा जवळ आला होता. मी टेबलावर पोट उघडं टाकून पडलो होतो आणि माझ्या आयुष्याचा निवाडा माझ्यासमोर चालला होता. मित्रांनो, मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की झोत नको. चित्रकार लंगडा झाला आहे. मी लंगडा नाही. माझा मेंदू शाबूत आहे, खोबण शाबूत आहे, मशीनची सगळी बोली तोंडपाठ आहे.

सुलक्षणाने वेगळाच प्रश्न विचारला.

"अल्ताफभाऊ, मशीनला चित्र लागतं का?"

"म्हणजे?"

"ही फळी फिरवून बघायला मला चित्र लागतं. मशीनला लागतं का?"

अल्ताफने मान खाजवली. "मशीनला आकडं लागतात. चित्र तुमच्यासाठी."

"मग ह्याला चित्र काढायला लावूच नका. काढेल तेवढं साधं काढू दे. अक्षरं दिसली, तरी मला पुरे."

अल्ताफने माझ्या चित्रकाराला चालवणारं सॉफ्टवेअर काढून टाकलं. सोप्या भाषेत सांगायचं, तर त्याच्या हातातला बारीक कुंचला काढून घेतला आणि भिंत रंगवायचा ब्रश दिला. मी पुन्हा सुरू झालो तेव्हा अक्षरं ढोबळ होती, रंग मोजके होते, आणि वाघ फिरवून दाखवणारी खिडकी उघडेना. पण पट्टे क्वचितच येत, आणि आले तरी मी गोठत नव्हतो.

चकचकीत चिठ्ठीवरचा माझा गर्व त्या दिवशी गेला. त्याचं दुःख मी थोडं केलं. मग कामाला लागलो.

फळी आधी पडद्यावर बघता येत नाही, तर काय करायचं? सुलक्षणाने गणपतीच्या मखराचा उरलेला थर्माकोल काढला. प्रत्येक नक्षी आधी थर्माकोलवर कोरायची, उन्हात धरून बघायची, चुकलेली रेघ माझ्यात दुरुस्त करायची आणि मगच साग लावायचा. मांडवभर पांढरा चुरा उडाला. ठकुबाई माझ्या पाठीमागे सूप उभं धरून बसत, चुरा माझ्याकडे येऊ नये म्हणून. मिस्त्रींनी माझ्या चारी पायांखाली सागाचे ठोकळे दिले, खालून वारा लागावा म्हणून. ज्यांनी मला पहिल्याच दिवशी मेलेला म्हटलं होतं, त्यांनीच.

वाघाची फळी झाली. मोराची झाली. कळसाची झाली. प्रत्येक फळीनंतर गेनबा येऊन अंगठ्याने नक्षी चाचपून गेले. वाघाच्या कानाशी त्यांचा अंगठा थांबला, तेव्हा मिस्त्रींनी उगाचच रंधा उचलला. सांधा त्यांना सापडला नाही, की सापडून त्यांनी सोडला, हे मला सांगता येणार नाही.

आज पाडव्याची सकाळ. घरावर गुढी उभी आहे. चौथी फळी मशीनवर आहे, वेलबुट्टीची, चारही फळ्यांत सर्वांत बारीक. मिस्त्री फळीजवळ आहेत, सुलक्षणा माझ्यापुढे, ठकुबाई सूप घेऊन मागे. गेनबा दारातल्या खुर्चीवर बसले आहेत. पुण्याच्या दुकानदाराचा त्यांच्या मोबाईलवर दोनदा फोन येऊन गेला. त्याला त्यांनी, "सांजच्याला सांगतो," एवढंच सांगितलं.

मित्रांनो, शेवटी तुमच्याजवळ मागणं मागायची रीत आहे, तर मागतो. पण हात पसरून मागत नाही. माझी कीव करू नका. मला जपायचं म्हणून तांदळात, पेटीत, मखमलीत कोंडू नका. वर्षातून एकदा माझी पाठ उघडा, जाळी साफ करा आणि मला वारा द्या. आणि कुणी जुन्या वस्तूकडे बोट दाखवून "गेली" म्हणालं, तर त्याला विचारा, नेमकं काय गेलं? पडदा, पंखा, वायर की चित्रकार? ज्याला हे सांगता येत नाही, त्याने निकाल देऊ नये.

थोड्या वेळापूर्वी माझा पडदा काळा झाला. पट्टे आले नाहीत, गोठणं नाही, नुसता काळोख. सुलक्षणाने टीव्हीची वायर लावून पाहिली. तिथेही काळोख. मिस्त्रींचा हात लाल बटणाकडे गेला.

"थांबा," तिने त्यांचं मनगट धरलं. "आवाज ऐका."

मोटरीचा सूर सरळ होता. बिट पुढे सरकत होतं. वेल वळणाला आली, तिथे मशीन वळलं.

"दिसंना झालं, आन तरी चाललंय व्हय?" गेनबा खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले.

"त्याला समदं तोंडपाठ हाय, भावजी," ठकुबाई म्हणाल्या. "बसा खाली. उजेड अडवू नका."

ते बसले.

सकाळचे अकरा वाजून गेले आहेत. फळीच्या उजव्या कोपऱ्यातली पानं कोरायची बाकी आहेत. पडदा अजून काळा आहे. सुलक्षणाचा एक हात माझ्या पाठीवर आहे, मी किती तापलो ते बघायला. मशीन चालू आहे.